वरच्या चाकाचं रबर

दारव्ह्याहून नेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लखीराम मिस्त्रीचं दुकान आहे, आणि त्या दुकानात तीन वर्षं एक गंमत चालली होती. दुकानाची लांबी जेमतेम तीस फूट. एका टोकाला लखीराम रंधा मारायचा, दुसऱ्या टोकाला त्याची सून जया वेल्डिंग करायची, आणि मधोमध पोत्यावर लखीरामची बायको धनीबाई तूर निवडत बसायची. तूर हे निमित्त. तिचं खरं काम निरोप पोचवायचं.

"याडी," जया सासूला हाक मारायची, "बापूले विचारा, शिकंजा कुठी ठेवला."

"अजी, शिकंजा कुठी ठेवला?"

"तिले सांग, खिडकीत हाय."

"खिडकीत हाय म्हंते."

लखीरामचा आवाज तसा आख्ख्या तांड्याला पुरेल एवढा. धनीबाईचं वाक्य पुरं व्हायच्या आत जया खिडकीशी पोचलेली असायची. पण रीत ती रीत. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेला नाव घेऊन हाक मारायची नाही. तांड्यातल्या बऱ्याच घरांनी हे केव्हाच सोडून दिलं होतं. तिथल्या सुना सासऱ्याच्या मोबाईलला रिचार्जसुद्धा मारून देत. या घरातही डोक्यावरचा पदर गेला होता, कारण फिरत्या मशीनपाशी पदर म्हणजे मरण, असं खुद्द लखीरामनंच धनीबाईकरवी कळवलं होतं. बोलण्याची रीत तेवढी उरली. ती आधी कोणी मोडायची, यावर दोघंही अडून बसली होती.

घरात सगळे गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत. दुकानात मात्र वऱ्हाडीच, कारण गिऱ्हाइकासमोर आपल्या बोलीत बोललं की त्याला वाटतं, हे लोक आपसात भाव ठरवून राह्यले.

लखीरामचा जीव होता तो दुकानाच्या मधल्या आरामशीनमध्ये. एक चाक खाली, एक चाक वर, दोन्ही चाकांवरून फिरणारं दातेरी पातं, आणि मधे लाकूड सरकवायला लोखंडी टेबल. तरुणपणी त्यानं ही मशीन नागपूरहून ट्रकवर उभी बांधून आणली होती आणि रस्ताभर स्वतः तिला धरून बसला होता. तिच्यावर त्यानं तालुक्यातल्या निम्म्या घरांच्या चौकटी कापल्या. "रेघ पाह्यची तर लखीरामची," असं लोक म्हणत, आणि लोक विसरले तर लखीराम आठवण करून देई.

पण आता चौकटी लोखंडाच्या, दारं तयार मिळणारी, पलंगसुद्धा पाइपांचे. मागच्या दिवाळीपासून मशीनवर एकच चौकट कापली गेली होती. जयाच्या वेल्डिंगवर घर चालत होतं. ती यवतमाळच्या आयटीआयला फिटर झालेली पोरगी, आणि तिच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. सोयाबीन निघायला लागलं की थ्रेशरचे शाफ्ट तुटतात. मनगटाएवढा जाड शाफ्ट सरळ कापून हवा तर लोकांना यवतमाळ गाठावं लागतं. ही आरामशीन लोखंड कापायला लागली तर?

तिचा नवरा संजय राजूरला, कोळशाच्या खाणीवर डंपर चालवायचा. त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "दसऱ्यापर्यंत पाहा. झालं तर ठीक. नाई तर दुकान खाली करून सगळे इकडं या."

सगळे इकडं या, म्हणजे राजूरच्या दोन खोल्या. तिथं लखीरामनं काय करायचं? दाराशी खुर्ची टाकून बसायचं, आणि कुणी विचारलं तर संजय ड्रायव्हरचा बाप म्हणून ओळख द्यायची. चाळीस वर्षं मिस्त्री म्हणून जगलेल्या माणसाला हे विचारानंच कसंसं होई. तरी मशीनला लोखंडाची धार लागावी हेही त्याला खपत नव्हतं. लोखंड आलं की मशीन जयाची होणार, हे त्याला न सांगता कळत होतं. हे दोन्ही त्याच्या मनात एकाच वेळी होतं, आणि त्यानं दोन्हींचा मेळ घालायचा प्रयत्नही केला नाही. त्याला वाटे, सुनेचं जमलं नाही की ती आपोआप नाद सोडेल, मशीन पुन्हा लाकडाची होईल, संजयलाही राजूरच्या गोष्टीचा विसर पडेल. माणूस साठीला आला तरी अशा आशा करतो.

पोळा झाल्यावर जयानं काम काढलं. आधी मशीनच्या पोटातून चार पोती भुसा निघाला. तो धनीबाईनं भुशाच्या शेगडीसाठी घरी नेला. या सगळ्या उपद्व्यापात तिला एवढाच फायदा दिसत होता. मग जयानं एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या भंगारातून गिअरबॉक्स आणला, आणि शटरच्या आतल्या बाजूवर खडूनं हिशोब मांडला.

"याडी, बापूले सांगा, लाकूड कापताना चाक सेकंदाले आठ फेऱ्या मारते. लोखंडाले दोन सेकंदात एक फेरी पाह्यजे."

धनीबाईनं शटरकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं. "अजी, चाक लय पळते म्हंते."

"तिले म्हना, मशीन हाय का बैलगाडी?"

"याडी, सांगा, पातं पळालं तर लोखंडावर तापते. दात जळून जातात."

"दात जळतात म्हंते," धनीबाई म्हणाली. हे तिला पटलं, कारण तिचेही दोन दुखत होते.

गिअरबॉक्स बसला, त्याच्यापुढे लहान-मोठ्या पुल्या बसल्या, आणि चाक खरंच दमानं फिरायला लागलं. नागपूरहून लोखंड कापायची तीन पाती आली, बोटभरही रुंद नसलेली, बारीक दातांची. पहिलं पातं चढवून जयानं टेबलावर सळईचा तुकडा धरला. पातं कुरकुरत आत शिरलं. लखीराम लांबून, पाट उगाच पुसत, कान देऊन ऐकत होता.

टक्.

थोड्या वेळानं पुन्हा, टक्. वरचं चाक फेरी पुरी करताना एकदाच. जयाला तो आवाज गिअरबॉक्सचा वाटला. लखीरामला मात्र तो आवाज स्वतःच्या खोकल्यासारखा ओळखीचा होता.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. वरच्या चाकावरचं रबर फाटलं. लग्नसराई होती, पलंगांची कामं अंगावर होती, नागपूरला जायला सवड नव्हती. लखीरामनं रबर खरवडून काढलं, पण एका जागी ते दगडासारखं चिकटलं होतं. तेवढं तसंच सोडून त्यानं वरून सायकलची ट्यूब चिकटवली, सोल्यूशननं, दोन पदरी, आणि एवढ्या सफाईनं की पाहणाऱ्याला अखंड रबर वाटावं. लोकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नागपूरहून कंपनीचं रबर आनलं." चिकटलेल्या जागी उंचवटा राहिला. लाकडाचं पातं रुंद आणि मऊ, चाक वेगात. तिथं उंचवटा फक्त एक थरथर द्यायचा. ती थरथर आली की लखीराम लाकूड केसभर दाबून धरायचा. लखीरामच्या रेघेचं सगळं गुपित एवढंच होतं. दुसऱ्या कुणी मशीन चालवली की रेघ वाकडी जाई, आणि लोक म्हणत, हात लागतो बाप्पा.

कडक, अरुंद पात्याला तो उंचवटा सोसणार नव्हता. फेरीमागे एक हिसका, पातं मागे सरकणार, त्याला मागून आधार देणाऱ्या गाईडवर घासणार. हे लखीरामला पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

विसाव्या मिनिटाला पातं तुटलं.

तेव्हा लखीरामला आनंद झाला, हे खरं आहे ते सांगितलंच पाहिजे. फार नाही, चहात साखर जरा जास्त पडावी तेवढा. त्यानं पाट पुसणं थांबवलं आणि धनीबाईला म्हणाला, "तिले विचार, लागलं तर नाई?"

"नाई लागलं म्हना," जया परस्पर धनीबाईला म्हणाली. "पात्याचा सांधा कच्चा असन."

दुसऱ्या पात्याचा सांधा तिनं स्वतः भिंगानं पाहिला. गाईड सरकवले, ताण कमी केला, खालचं चाक ओळंबा लावून तपासलं. मोटार खालच्या चाकाला, म्हणून दोष खालीच असणार असं तिनं धरलं. वरच्या चाकाकडे ती एकदा वळलीही होती. बोट फिरवून म्हणाली, "याडी, हे रबर कवाचं हाय?"

धनीबाईनं मान वर न करता उत्तर दिलं, "ते तं कंपनीचं हाय."

निरोप लखीरामपर्यंत आलाच नाही. त्याला कुणी विचारलं नाही, म्हणून त्यानं सांगितलं नाही. खोटं तर काही बोललो नाही, असं त्यानं मनाशी म्हटलं, आणि त्या दिवशी त्याला पहिल्यांदा ही रीत फार सोयीची वाटली.

दुसरं पातं अर्ध्या तासात गेलं. त्या रात्री जया जेवली नाही. लखीरामचंही जेवण उतरेना, पण त्यानं ते भाजीवर ढकललं.

मग दसरा तोंडावर आला आणि संजयचा फोन आला. त्यानं राजूरच्या एका भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. सोमवारी गाडी येणार होती. "इतक्या जुन्या मशीनले लाकडासाठी कोन घेईन बापू? लोखंड कापत असन तर ठेवा, नाई तर वजनावर जाईन."

लखीरामनं फोन ठेवला आणि मशीनच्या टेबलावर हात ठेवून उभा राहिला. म्हणजे लाकडाची म्हणून ती राहणार नव्हतीच. आपण गप्प बसून तिला वाचवत होतो असं वाटलं होतं, आणि आपण तर तिला तराजूवर चढवत होतो. बोलावं तर आता तेही अवघड. पहिल्या पात्याला बोलला असता तर चूक एक होती. आता दोन पाती तुटली होती, आणि दोन्ही वेळा तो दहा फुटांवर बसून होता. शिवाय बारा वर्षांचं कंपनीचं रबर बाहेर आलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ झाकून झाकून त्याचा हात दुखायला लागला होता.

तिसरं पातं तुटलं ते गोविंदासमोर. गोविंदाचे दोन थ्रेशर होते, तोंडही दोन माणसांचं होतं. त्याचा शाफ्ट टेबलावर होता, पाव भाग कापलाही गेला होता, आणि टणकन् आवाज होऊन पातं जयाच्या पायाशी पडलं.

"वैनी, लाकडाच्या मशीननं लोखंड कापते का कुठी?" गोविंदा म्हणाला. "मिस्त्रीच्या हाती राहू द्याची होती. यायचा हात मी पाह्यला हाय. शाफ्ट राहू द्या, चार दिवसांनी पाहू." आणि तो मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

जयानं पात्याचे तुकडे उचलून भिंतीशी ठेवले. पाण्यात फडकं भिजवून ती शटरवरचा हिशोब पुसायला लागली, वरून खाली, ओळीनं. पुसता पुसता, पाठ फिरवूनच, ती म्हणाली, "याडी, बापूले सांगा, माहा हिशोब चुकला. मशीन चांगली होती त्यायची. म्याच बिघडवली. राजूरले फोन लावून देते आता."

धनीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. निरोप सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं ऐकलं होतं हे तिला दिसत होतं.

लखीरामला वाटलं, आता हिनं रागावावं, आदळआपट करावी, आपल्यावर काही ढकलावं. ती तर सगळं स्वतःच्या पदरात बांधून घेत होती, आणि ते सगळं त्याचं होतं. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"जया," तो म्हणाला.

फडकं थांबलं. धनीबाईच्या हातातलं सूप तिरकं झालं आणि तूर सांडली.

"पुसू नको. हिशोब नाई चुकला तुहा. वरचं चाक खोटं हाय. कंपनीचं रबर नाई ते, सायकलची ट्यूब हाय, खाली गठूळ हाय. त्याच्यानं तुटतात पाती."

जया वळली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग वरच्या चाकाकडे, मग भिंतीशी ठेवलेल्या तुकड्यांकडे. तिचा चेहरा लाल झाला होता. बोलली ती मात्र सासूशी.

"याडी, यायले विचारा, पह्यलं पातं तुटलं तवा माहीत होतं का?"

धनीबाई म्हणाली, "तूच इचार. आता कायले मले मधात घालतं?"

"तुमी विचारा."

"होतं," लखीराम म्हणाला.

"दुसरं तुटलं तवा?"

"होतं."

तिसऱ्याचं तिनं विचारलंच नाही. फडकं बादलीत टाकलं, चपला घातल्या आणि रस्त्यानं तांड्याकडे चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली आणि तीन तुटक्या पात्यांपैकी दोन उचलून यवतमाळला सांधायला घेऊन गेली. लखीराम नागपूरला गेला. बारा वर्षांपूर्वी जायला हवं होतं तसा, एसटीनं, आणि चाकाच्या मापाचं खरं रबर घेऊन आला. मग त्यानं वरचं चाक उतरवलं आणि मांडी घालून पटाशीनं ते गठूळ काढत बसला. ट्यूब दोन मिनिटांत निघाली. खालचं दगडी रबर मात्र दोन दिवस पुरलं, कारण ओतीव लोखंडावर ओरखडा उठता कामा नव्हता. हे काम त्याच्याइतकं चांगलं दारव्ह्यात कुणी केलं नसतं.

या चार दिवसांत जया त्याच्याशी बोलली नाही, आणि आता सासूकरवीही बोलली नाही. शिकंजा लागला तर स्वतः शोधायची. धनीबाई पोत्यावर बसून इकडून तिकडे पाहत राहायची, एखादा निरोप मिळावा म्हणून. लखीरामला वाटायचं, निदान शिवी तरी पाठव. तीही येत नव्हती. सोमवारचा भंगारवाला जयानंच फोन करून थांबवला होता, पण तेही त्याला धनीबाईकडून कळलं.

चाक चढवल्यावर जयानं त्याच्यापाशी खडू टेकवून धरला आणि चाक हातानं सावकाश फिरवलं. पांढरी रेघ कुठंही न तुटता पुरी गोल उमटली. लखीराम शेजारी उभा होता. तिनं खडू खिशात टाकला आणि सांधून आणलेलं पातं चढवायला घेतलं.

गोविंदा सांगितल्याप्रमाणे आला. शाफ्ट पुन्हा टेबलावर चढला. मोटार सुरू झाली, चाक दमानं फिरायला लागलं, आणि पातं लोखंडात शिरलं. टक् नाही, हिसका नाही, नुसती एकसारखी कुरकुर. जया अधूनमधून कुंचल्यानं तेल लावत होती. पात्याखालून बारीक चकचकीत कीस गळत होता. दहा मिनिटं हेच चाललं. गोविंदा वाकून पातं पाहत राहिला. मग तुकडा सुटला आणि खालच्या पाटीत पडला.

गोविंदानं तो उचलला, कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. "वा मिस्त्री! मी म्हन्लं नवतं का? वैनीनं तीन पाती तोडली, अन् तुमी हात लावला तं मशीन चालली. हात तो हात!"

जया तेलाच्या डब्याचं झाकण लावत होती. ती काही बोलणार नव्हती, हे लखीरामला माहीत होतं. चार दिवस तोंड न उघडलेल्या सुनेनं त्याचं नाव त्याच्याच हातात सोडून दिलं होतं. त्यानं नुसतं हसायचं होतं. एवढंच. मिस्त्रीचं नाव मिस्त्रीकडे राहिलं असतं.

"गोविंदा," तो म्हणाला, "ती तिन्ही पाती म्या तोडली. वरच्या चाकाले कंपनीचं रबर नवतं. सायकलची ट्यूब होती, बारा वर्सं. तुले अन् समद्यायले खोटं सांगत आलो. मशीन खोटी होती म्हनून रेघ मले एकट्यालेच जमे. हे मले माहीत होतं, अन् इच्यासमोर म्या चूप बसून राह्यलो. लोखंड कापते ते इच्या हिशोबानं. जयाच्या."

गोविंदानं तुकडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. ही गोष्ट आठवडी बाजारापर्यंत पोचेल आणि तिथून चार गावं जाईल, हे तिघांनाही ठाऊक होतं. लखीराम आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर खाली मान घालून उभा होता.

"दुसरा बी कापाचा हाय ना?" शेवटी गोविंदा म्हणाला आणि बाहेरून दुसरा शाफ्ट घेऊन आला. हा लांब होता. एक टोक टेबलाबाहेर चांगलं चार फूट जात होतं.

जयानं तो टेबलावर बसवला, माप घेतलं, खूण केली. लांबचं टोक खाली झुकत होतं.

"याडी, बा..." ती सवयीनं म्हणाली आणि थांबली. मग सरळ लखीरामकडे वळली.

"बापू, तिकडून धरा. दाबू नका. मशीन आपल्या चालीनं कापन."

धनीबाईनं सूप खाली ठेवलं. "अजी, तिकडून धरा म्हंते."

"आयकलं," लखीराम म्हणाला. "मलेच म्हन्लं तिनं." आणि त्यानं लांबचं टोक दोन्ही हातांनी उचलून धरलं.